जाळीवरची तेलाची बाटली

सासूबाई नागपूरला परत गेल्या त्याला आता महिना होत आला. जाताना त्यांनी आपली खोली लख्ख आवरली, चादरींच्या घड्या घातल्या, कपाट रिकामं केलं, आणि खोबरेल तेलाची निळी बाटली मात्र खिडकीखालच्या जाळीवर तशीच ठेवून गेल्या. विसरली असेल, असं नितीन म्हणतो. आपली आई काहीही विसरू शकते असं माझ्या नवऱ्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. या बाईंनी इथे येताना आणलेल्या सेफ्टी पिनासुद्धा आठवणीने परत नेल्या आहेत.

जाळी म्हणजे हीटिंगची जाळी. ओहायोतल्या डब्लिन गावातल्या आमच्या घरात प्रत्येक खोलीच्या जमिनीत अशी एक लोखंडी जाळी आहे, तिच्यातून हिवाळाभर गरम हवा येते. इथल्या थंडीत खोबरेल तेल गोठतं ते पार वसंत येईपर्यंत पातळ व्हायचं नाव घेत नाही. मग आमच्या ओळखीच्या सगळ्या देशी घरांत बाथरूमच्या नाहीतर बेडरूमच्या जाळीवर तेलाची एक तरी बाटली उभी असते. पाहुण्यांचा पाय लागून ती आडवी होते आणि यजमानीण म्हणते, राहू दे हो, रोजचंच आहे. आता बाहेर झाडांना पालवी फुटलीय, हीटिंग बंद झालंय, तेल आपोआप पातळ आहे. तरी ती बाटली तिथून उचलावीशी वाटत नाही. व्हॅक्यूम करताना मी तिला वळसा घालते.

मी लहानपणी गोठलेलं तेल कधी पाहिलंच नव्हतं. वेंगुर्ल्याकडे कसली आलीय एवढी थंडी. पौषातल्या एखाद्या सकाळी तेल जरा धुरकट दिसायचं, उन्हं वर आली की पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ. त्यामुळे लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच डिसेंबरात बाटलीतला तो पांढराशुभ्र गोळा बघून मला वाटलं की तेल नासलं, आणि मी ती भरलेली बाटली कचऱ्यात टाकली. नितीन कितीतरी वेळ हसत होता. नागपूरला म्हणे थंडीत तेलाची बाटली गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची, आणि ती खाली कोणी आणायची यावरून भावाबहिणींची भांडणं व्हायची. तेलाने एवढं खोटं बोलावं याचा मला रागच आला होता.

आमच्या घरामागे माड फार नव्हते, पण घरापुरतं तेल निघायचं. वडील पोस्टात होते, सकाळीच जायचे. मे महिन्यात आई नारळ फोडून वाट्या अंगणात वाळत घालायची आणि आम्हा भावंडांना कावळे हाकायला बसवायची. कावळ्यांपेक्षा आम्हीच जास्त खायचो. उन्हाने कडा सुटलेली खोबऱ्याची वाटी दाताखाली चामट लागते, मग हळूहळू गोड होते. दुपारी त्या वासाने डोळे जड व्हायचे. वाळलेलं खोबरं पोत्यात भरून सायकलवरून घाण्यावर जायचं, आणि संध्याकाळी डबा भरून तेल घरी यायचं, कोमट, पिवळसर, भाजल्यासारख्या वासाचं. बरोबर पेंडही यायची, शेजारच्या म्हशीसाठी. त्या रात्री आमच्या घरात सगळ्याच गोष्टींना तेलाचा वास असायचा, उशीला, पाण्याच्या तांब्याला, वडिलांच्या खाकी शर्टालाही.

आणखी एक तेल असायचं, ते घाण्याचं नव्हे. धाकटा भाऊ झाला तेव्हा त्याच्या अंगाला लावायला आईने नारळाचं दूध काढून ते मंद विस्तवावर आटवलं होतं. सकाळपासून कढई चुलीवर. आधी दुधाचा वास, मग मिठाईचा, मग एकदम करपायच्या अलीकडे जाऊन थांबलेला असा वास, की ओटीवर अभ्यास करणारी मी पुस्तक टाकून आत यायचे. आई हाताने मला मागे सारत म्हणायची, "गो बाये, लांब रव. तेल तापला हा." तेल गाळून घेतलं की तळाशी तपकिरी चुरा उरायचा. तो गुळाबरोबर आम्हाला मिळायचा. भाऊ मोठा झाला, त्याच्या अंगाला तेल लावायचे दिवस गेले, पण पुढेही कधीतरी आई उगाचच ते तेल काढायची. आमच्यासाठी चुरा हवा म्हणून काढायची, हे मला फार उशिरा कळलं.

तव्यालाही तेच खोबरेल. नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याचा, एक तुकडा तेलात बुडवून आई बिडाच्या तव्यावर फिरवायची, चर्रर्र व्हायचं, आणि त्यावर घावनाचं पातळ पीठ. सुक्या जवळ्यात कांदा-खोबरं कालवून केलेल्या किसमुरीवर वरून कच्चं तेल. कोपराला, टाचेला, फुटलेल्या ओठांना तेच. आणि जयंतीच्या दिवशी सकाळी सगळ्यांत जास्त. विहारात जायचं, पांढरे कपडे घालायचे, भाषण करायचं, म्हणून आई माझ्या केसांना इतकं तेल चोपडायची की कपाळावर ओघळ यायचा. वेण्या एवढ्या घट्ट की डोळे तिरपे व्हायचे. फ्रॉकच्या पांढऱ्या कॉलरवर दोन्ही बाजूंना तेलाचे डाग पडायचे, आणि मी स्टेजवर उभी राहिले की मला माझ्याच डोक्याचा वास यायचा. त्या वासाने भाषण आठवायचं, असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगत असे. ते अगदीच खोटं नव्हतं.

तेल म्हणजे खोबरेल. दुसरं तेल असू शकतं हे मला ऐकून माहीत होतं, एवढंच.

त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरच्या स्वयंपाकघरात शिरले आणि मोठ्या उत्साहाने घावनं करायला घेतली, तेव्हा काय चुकतंय ते मला कळलंच नाही. बाथरूममधल्या फळीवर खोबरेलची नवी, सील न फोडलेली बाटली होती. मी ती आणली, फोडली आणि तव्यावर सोडली. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नाकाचा शेंडा वर गेला, डाव्या नाकपुडीजवळ एक बारीक घडी पडली. "अगं, केसांचं तेल आहे ना ते," एवढंच त्या म्हणाल्या. मागून नणंदा हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी एक घावन ताटात घेतलं, त्याचा अर्धा तुकडा पाण्याबरोबर गिळला आणि बाकीचं झाकून ठेवलं. पुढे त्या कितीतरी वेळा प्रेमाने वागल्या. तरी ती घडी माझ्या मनातून गेली नाही. आईच्या तव्याकडे बघून कोणीतरी नाक मुरडलंय, असंच मला वाटत राहिलं.

इथे मात्र माझं राज्य होतं. ओट्याच्या बाजूला एक मोठी बरणी, आणि सगळं काही त्या एका बरणीतून. फोडणी त्यातून, केस त्यातून, हिवाळ्यात भेगाळलेले हात त्यातून. आमची लेक ईरा केक आणि बनाना ब्रेड भाजायला लागली तेव्हा बटरच्या जागी हेच तेल घालायला शिकली. लहानपणी डोक्याला तेल लावलं म्हणून रडणारी ही मुलगी आता डोळ्यांचा मेकअप काढायला तेच तेल एका छोट्या काचेच्या डबीत भरून ठेवते आणि मला स्किनकेअर म्हणजे काय ते समजावते. मी ऐकून घेते. सासूबाई राहायला आल्या की तेवढे महिने फोडणीपुरतं शेंगदाण्याचं तेल यायचं, आणि त्या गेल्या की पुन्हा आपलं खोबरेल. यावर कधी कोणी बोललं नाही. घराला अशा गोष्टींची सवय होते.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. वेंगुर्ल्याचं घर भावाने नव्याने बांधलंय, छान टाइल्स बसवल्यात, अंगणात गाडी उभी असते. आईचे फोटो आहेत, पण ते सगळे लग्नांतले, कोणाच्या तरी मागे उभी असलेली ती. आई अशी नव्हतीच. आई मला भेटायची ती तेल तापल्यावर. इथल्या स्वयंपाकघरात, बाहेर बर्फ पडत असताना, तेल जरा जास्त तापलं की पाठीमागून ती म्हणायची, लांब रव.

गेल्या ऑक्टोबरात मला ताप आला. ताप चार दिवसांत उतरला, आणि उठून चहा केला तर चहाला वासच नाही. आधी हसू आलं. मग आलं किसून बघितलं, कांदा चिरून बघितला, साबणाची वडी नाकाला लावली. काही नाही. जेवण म्हणजे नुसतं मीठ आणि आंबट. डॉक्टर म्हणाली, बहुतेकांचा परत येतो, तुमचाही येईल, पण नाकाला रोज आठवण करून द्या. ओळखीच्या वासाच्या वस्तू घ्या, सकाळ-संध्याकाळ नाकाशी धरा, डोळे मिटा आणि तो वास कसा होता ते आठवा. सगळेच वास परत येतील असं नाही, हेही तिने सांगितलं. मी लवंग घेतली, लिंबू घेतलं, कॉफी घेतली, आणि बरणीतलं थोडं खोबरेल एका स्टीलच्या डबीत काढून घेतलं. बाकीचं सगळं नाकासाठी होतं. डबी माझ्यासाठी होती.

नोव्हेंबरात सासूबाई आल्या. या खेपेला मी शेंगदाण्याचं तेल आणलंच नाही. मलाच कशाचा वास येत नव्हता, स्वयंपाकात जीव नव्हता, हात जाईल त्या बरणीत जायचा. सासूबाई काही न बोलता जेवत होत्या. म्हटलं, आजारी सुनेला काय बोलायचं म्हणून गप्प असतील.

डिसेंबरच्या शेवटी लवंग आली. लांबून, भिंतीपलीकडून कोणी बोलावं तशी, पण आली. मग लिंबाच्या सालीचा थोडा आंबूसपणा. कॉफीचा वास आला तो जळक्या रबरासारखा, पण आला. खोबरेल तेवढं येईना. रोज डबी उघडायची, डोळे मिटायचे, कावळे आणायचे, घाणा आणायचा, जयंतीचा फ्रॉक आणायचा, आई चुलीपाशी बसवायची. सगळं डोळ्यांसमोर यायचं आणि नाकाशी नुसती थंड हवा. जानेवारी संपला. डॉक्टरचं ते वाक्य मला रोज आठवायचं. मनाशी म्हणायचे, परत न येणारा तो हाच. आई दुसऱ्यांदा गेली असं वाटायचं, आणि हे कोणाला सांगावं, कोणत्या तोंडाने सांगावं. नितीन विचारायचा, आज काय आलं, मी म्हणायचे, लवंग.

फेब्रुवारीतली एक सकाळ. नितीन ऑफिसला, ईरा शाळेला गेलेली. बाहेर कितीतरी दिवसांनी ऊन पडलं होतं आणि बर्फावरून ते डोळ्यांत येत होतं. सासूबाईंची बुद्धवंदना चालली होती, आतून मंद आवाज येत होता. अगरबत्ती पेटलेली दिसत होती, धूर दिसत होता. मी डायनिंग टेबलाशी डबी उघडून बसले होते, आणि मला रडू फुटलं. आवाज न करता रडायचं म्हटलं तरी नाक वाजतंच. वंदना संपवून त्या बाहेर आल्या आणि समोर बसल्या.

"काय करून राहिली तू ही डबी घेऊन रोज?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, घाणा, चुरा, आई, लांब रव. नवऱ्याला न सांगितलेलं सासूला सांगत बसले होते.  मग त्यांनी डबी उचलून स्वतःच्या नाकाशी नेली, बोटाने थोडं तेल घेतलं, तळहातावर चोळलं, पुन्हा हुंगलं.

"बेटा, याला वासच नाही," त्या म्हणाल्या. "हे वास काढलेलं तेल आहे. मी येणार म्हणून नितीनने मुद्दाम आणलं. मला म्हणाला, आई, तिला तिचं तेल सोडवत नाही आणि तुला जेवणात तो वास सोसत नाही, हे घे दोघींना चालेल असं. तुला नाही सांगितलं त्याने?"

नव्हतं सांगितलं. जुनी बरणी माझ्या तापातच संपली होती आणि त्याने तशीच नवी आणून ठेवली होती. मला तसाही वास येत नाही, मग सांगायचं काय, असं त्या शहाण्याला वाटलं असणार. आणि मी बरणीतून डबी भरते हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी ईराने बरणी फिरवून मला दाखवली. "ममा, इट लिटरली सेज रिफाइन्ड," ती म्हणाली. लिहिलेलं होतं खरं. पण खोबरेल तेलाच्या बरणीवर वाचायचं काय असतं? ते खोबरेल आहे हे माहीत असल्यावर मी उभ्या आयुष्यात कधी काही वाचलेलं नाही. तीन-चार महिने मी एका मुक्या तेलापुढे कान लावून बसले होते. मला संताप आला, हसू आलं, आणि पुन्हा रडू आलं, या वेळी आवाज करून.

सासूबाई उठल्या. आपल्या खोलीत गेल्या आणि जाळीवरची ती निळी बाटली घेऊन आल्या. जाळीवर असून तेल अर्धवटच वितळलं होतं, मध्ये पांढरा गोळा तरंगत होता. त्यांनी मला सरकत्या काचेच्या दाराशी उन्हात बसवलं, मागे खुर्ची घेतली आणि माझ्या डोक्याला तेल लावायला लागल्या. आईच्या आणि त्यांच्या हातात फरक होता. आईचा हात घाईचा, शाळेची वेळ झालेली. यांचा हात सावकाश, एकेक भांग पाडत. "येतोय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. "येईल," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "गरम झाल्याशिवाय नाही येणार बहुतेक. चल, तवा ठेव."

मी म्हटलं, आई, राहू द्या, तुम्हाला त्रास होईल. त्यांनी ऐकलं नाही. तांदळाचं पीठ त्यांनीच काढून दिलं, मी भिजवलं. इथे सोडण कुठलं मिळायला, अर्धा कांदा काट्याला टोचून घेतला. आणि सासूबाईंनी त्यांच्या डोक्याला लावायची ती बाटली माझ्या हातात दिली.

"घाल यातलंच," त्या म्हणाल्या. "केसांचं तर केसांचं."

मी तेल सोडलं, कांदा फिरवला, चर्रर्र झालं. तव्यातून धुराची एक रेघ वर आली. मी वाकून श्वास घेतला, पुन्हा घेतला, काही नाही, नुसती ऊब. वर बघितलं तर सासूबाई माझ्या शेजारी, अगदी तव्याजवळ उभ्या. आणि त्यांच्या नाकाचा शेंडा हळूच वर गेला. डाव्या नाकपुडीजवळ घडी पडली. तीच. इतक्या वर्षांनी, तशीच्या तशी. त्यांनी ती लपवायचा प्रयत्न केला, तोंड वळवलं, पदर नाकाशी नेऊन पुन्हा खाली घेतला, पण तव्यापासून हलल्या नाहीत.

मी त्या घडीकडे बघत राहिले. जिने मला एवढं दुखवलं होतं, तिच्यावरून माझी नजर हलेना. वास आला होता. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या तव्यावर तो खरोखर होता, माझ्या नाकापर्यंत पोचला नसला तरी त्यांच्या नाकावर मला स्पष्ट दिसत होता. मी जोरात हसले. त्यांनी विचारलं, आला का? मी म्हटलं, आला, आई, तुमच्या चेहऱ्यावर आला. मग त्याही हसल्या, पदराने डोळे पुसत. त्या दिवशी त्यांनी पूर्ण घावन खाल्लं, पाण्याशिवाय. आवडलं असं म्हणाल्या नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

पुढचे आठवडे सकाळी डबीत त्या बाटलीतलं तेल असायचं, आणि आठवड्यातून एकदा घावनं. मला वास येत नव्हता, तरी भीती गेली होती. मार्चच्या शेवटी त्यांना विमानतळावर सोडून आलो. घरी आल्यावर त्यांच्या खोलीत गेले तर जाळीवर बाटली उभी. तळाशी बोटभर तेल.

नितीन बिचारा आता तेलाच्या बाबतीत आधी मला विचारतो. दर रविवारी नागपूरहून फोन येतो आणि इकडचं-तिकडचं बोलून झालं की सासूबाई विचारतात, आला का? मी म्हणते, अजून नाही. त्या म्हणतात, येईल.

आज सकाळी व्हॅक्यूम करताना वळसा चुकला, बाटली आडवी झाली. झाकण सैल असावं. कार्पेटवर थोडं तेल सांडलं, मी गुडघ्यांवर बसून कागदाने टिपायला लागले. खिडकीतून ऊन नेमकं तिथेच पडलं होतं. आणि खालून, कार्पेटच्या लोकरीतून, काहीतरी वर आलं. गोडसर, जरासं भाजकं. मी श्वास रोखून धरला, भ्यायले. मग पुन्हा वाकले. होता. बारीक होता, पण खोबरेलच होता.

मी डोळे मिटले. इतके महिने या क्षणाची तालीम केली होती. आता अंगण येईल, कावळे येतील, चुलीपाशी बसलेली आई येईल, म्हणून थांबले. आधी आल्या त्या सासूबाई. ओहायोतल्या तव्यापाशी, नाकाला घडी पाडून, पदर हातात धरून उभ्या. त्या जराशा बाजूला झाल्या, आणि त्यांच्या मागून आई म्हणाली, लांब रव.

नागपूरला तेव्हा रात्र झाली असणार, पण मी फोन लावला. सासूबाईंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं. "दोघी आलात."